शुद्ध ते वर येतं

"मॅडम, आज धुकं लय पडलं ना," देविदास येरणे म्हणाला.

एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. सकाळचे आठ वाजले होते आणि प्रयोगशाळेचे पत्रे तेव्हाच तडतडायला लागले होते. समोरच्या अंगणात करंजाच्या बियांचा ढीग होता. त्यातलं एकेक बी वेगळं दिसावं इतकं ऊन लख्ख. मी हसणार होते, कारण देविदासला सकाळी सकाळी काहीतरी थट्टा करायची सवय होती. पण तो दाराची चौकट हाताने चाचपत आत आला आणि रोजच्याच जागी असलेल्या स्टुलाला अडखळला.

"कुठे आहे धुकं, देविदासभाऊ?"

"सगळीकडं. तुमच्या तोंडाभोवती बी हाय. दुधातून पाहून रायलो असं वाटते."

माझ्या हातातली नळी मी स्टँडला लावली. कॉलेजच्या पुस्तकात एक ओळ होती, परीक्षेला कधी न विचारलेली: रोग्याला बर्फ पडत असल्यासारखं दिसतं.

मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते. वर्धा नदीच्या अलीकडे, आडरानात उभ्या केलेल्या एका लहान कारखान्यात केमिस्ट होते. करंजाचं तेल आणि हॉटेलांतलं तळून काळं झालेलं तेल आणून आम्ही त्याचं बायोडिझेल करत असू. तेलात मेथनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून तापवायचं, ढवळायचं आणि मग टाकीत शांत सोडून द्यायचं. जड ग्लिसरीन खाली बसतं, पिवळंधमक डिझेल वर तरंगतं. उरलेलं मेथनॉल उकळून, वाफ थंड करून परत मिळवायचं. हे सगळं यंत्र देविदास चालवायचा. चाळिशीचा, दहावी नापास, पण मी पाहिलेल्या कितीतरी पदवीधरांपेक्षा तल्लख.

आणि मेथनॉल म्हणजे पाण्यासारखं नितळ, दारूच्या वासाचं विष. ते आधी डोळे नेतं.

"काल काय घेतलंत?" मी विचारलं.

"काही नाही."

"भाऊ, माझ्याकडे बघा."

त्याने मान वळवली, पण ती माझ्या खांद्याच्या दिशेने. मी हात हलवला. त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, उजेडातही आकसत नव्हत्या.

"बेबीला सांगू नका," तो म्हणाला. एवढंच म्हणाला, आणि मला उत्तर मिळालं.

बेबी म्हणजे त्याची बायको, बेबीनंदा येरणे. आमचा जिल्हा दारूबंदीचा. सरकारची बंदी कागदावर असली तरी त्यांच्या गावात, बोरखेडीत, ती खरी होती, आणि ती बेबीनंदाताईंमुळे. तीस-चाळीस बायका घेऊन त्या नाल्यात उतरत, भट्ट्या उलथत, मडकी फोडत. त्यांचा नवरा पितो असं कोणी म्हणालं असतं तर गावाने त्यालाच वेड्यात काढलं असतं.

"कधी घेतलंत? आणि किती?"

"काल तिसऱ्या पहरी. वसंताचं साक्षगंध झालं ना. पोरीच्या गावाहून आलो अन् वावरात बसलो दोघं. गिलासभर मी, तो थोडं जास्ती. खुशीत होता."

वसंता हा बेबीनंदाताईंचा धाकटा भाऊ, कालच साखरपुडा झालेला. आई गेल्यावर त्यांनीच त्याला वाढवला होता.

"वसंता कुठे आहे?"

"झोपला हाय घरी. सकाळी हाक मारली तं ऊं ऊं केलं."

मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात फोन लावला. लांजेवार डॉक्टर माझ्या ओळखीचे होते. कारखान्यात एकदा कॉस्टिक उडालं तेव्हा त्यांनीच पट्टी बांधली होती. मी दोन वाक्यं बोलले, तोच त्यांनी मला थांबवलं.

"दोघांनाही तडक जिल्ह्याला हलवा," ते म्हणाले. "इथली गाडी बाळंतिणीला घेऊन गेलीय, वाट बघू नका. तुमच्याकडे इथाइल अल्कोहोल आहे? प्रयोगशाळेचं, शुद्ध? त्यात काही मिसळलेलं नको."

होतं. कपाटात, दोन कुलपांच्या आत, उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्यासकट. तळाशी चार बोटं.

"उतारा तोच आहे. साधी दारू शरीरात असेपर्यंत मेथनॉलचं विष बनायचं थांबतं. मी सांगतो तेवढंच, पाणी घालून, शुद्धीवर असलेल्या माणसालाच द्या. बेशुद्धाच्या तोंडात थेंबही ओतायचा नाही, फुप्फुसात जाईल. आणि मॅडम, तेवढं दोघांना पुरणार नाही. आणखी मिळवा. शीलबंद. हातभट्टीची नको, तिच्यात काय असेल देव जाणे."

मी कुलपं काढली. देविदास ग्लास दोन्ही हातांत धरून प्यायला, शाळेतल्या पोरासारखा.

"हे कुलपात असते ते?" त्याने विचारलं.

"हो."

"अन् ते ड्रम उघड्यावर."

मॅनेजर बाहेरगावी होते. पिकअपचा ड्रायव्हर रशीदभाई गाडी धूत होता. त्याने ओला फडका तसाच टाकून गाडी काढली. देविदासला मध्ये बसवलं आणि आम्ही बोरखेडीकडे निघालो. बारा किलोमीटर. वाटेत तो दोनदा म्हणाला, "डोकं लय ठणकून रायलं." एकदा म्हणाला, "पूल आला का?" पूल कधीचाच मागे पडला होता.

बेबीनंदाताई अंगणात आदल्या दिवशीची भांडी राखेने घासत होत्या. उंच, हडकुळी बाई, कासोटा खोचलेला. कारखान्याची गाडी पाहून उठल्या.

"काय झालं? हे कामावर गेले होते ना?"

"वसंता कसा आहे, ताई?"

"रातभर ओकला. ऊन लागलं. कांद्याचा रस देला. आता झोपला तं उठूनच नाही रायला."

मी आत गेले. वसंता खाटेवर उताणा पडला होता. कपाळावर साक्षगंधाचं कुंकू सुकून भेगाळलं होतं. श्वास खोल आणि भराभर चालला होता, धावून आलेल्या माणसासारखा. मी हाका मारल्या, चिमटा काढला. त्याने डोळेही उघडले नाहीत.

बाहेर येऊन मी त्यांना सांगितलं. सगळं, सरळ. कारखान्यातलं स्पिरिट, दोघांनी, काल वावरात.

त्या तरातरा गाडीपाशी गेल्या. मला वाटलं, त्या नवऱ्याला मारणार. हात उगारलेला होता खराच. पण तो हात त्याच्या तोंडासमोर आला तरी देविदासची पापणी लवली नाही. तो समोर बघत शांत बसून होता. तो हात मग हवेतच उघडला. त्यांनी तो त्याच्या डोळ्यांसमोरून एकदा फिरवला, पुन्हा एकदा फिरवला.

"बेबी?" देविदास म्हणाला. "तू हाय का?"

"हाव," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "काय करा लागते?"

"दोघांना दवाखान्यात न्यायचंय, आत्ताच. आणि ताई... दारू लागेल."

"काय?"

"यावर उतारा तोच. डॉक्टरांनीच सांगितलंय. शीलबंद पाहिजे. तुम्हाला माहीत असेल, कोणाकडे..."

मला वाक्य पुरं करता येईना. गावात दारू कोणाकडे असते हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? रशीदभाई आणि शेजारचे दोघे वसंताला खाटेसकट उचलून गाडीच्या मागच्या भागात चढवत होते. बेबीनंदाताईंनी हाताची राख लुगड्याला पुसली.

"चला," त्या म्हणाल्या.

झिबलचं घर गावाच्या टोकाला, नाल्याच्या कडेला होतं. साठीचा, तोंडावर देवीचे वण असलेला माणूस. नदीपलीकडच्या जिल्ह्यात बंदी नव्हती. तिथून तो बाटल्या आणायचा असं सगळेच म्हणत. बेबीनंदाताईंना दारात पाहून तो उठून उभाच राहिला.

"ताई, म्या धंदा सोडला. पोळ्याले तुम्ही मडके फोडले तवापासून सोडला."

"झिबलभाऊ, एक बाटली पायजे. शील असलेली."

झिबल हसला. त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्यामागे पाहिलं, कुंपणापलीकडे पाहिलं.

"बायका कुठी लपवल्या? अन् शिपाई?"

"कोणी नाही. वसंता मरून रायला. विष गेलं पोटात. त्याच्यावर हेच द्या लागते म्हणते डॉक्टर."

"दारूवर दारू?" तो म्हणाला. "ताई, मी म्हतारा झालो, येडा नाही झालो. माह्या हातात बाटली दिसली का तुम्ही जेलात धाडता मले."

मी मध्ये पडले, मेथनॉल म्हणजे काय ते सांगू लागले. त्याने माझ्याकडे लक्षच दिलं नाही. तो बेबीनंदाताईंच्या तोंडाकडे बघत होता. मग आत गेला आणि कणगीमागून एक बाटली घेऊन आला. झाकण त्यानेच फोडलं.

"खरं असन तं एक घोट तुम्ही घ्या. माह्यासमोर. मंग तुम्ही बी माह्यातल्याच."

मी म्हणाले, "अहो, वेळ नाहीय, माणूस तिकडे..."

बेबीनंदाताईंनी बाटली घेतली, तोंडाला लावली आणि घोट घेतला. एक नाही, दोन. त्यांचा चेहरा पिळवटला, डोळ्यांत पाणी आलं, पण खोकला त्यांनी दाबून धरला. बाटली खाली केली आणि त्याच्याकडे पाहत राहिल्या.

झिबलची मान खाली गेली. तो आत जाऊन आणखी एक बाटली घेऊन आला, न फोडलेली. ती त्यांच्या हातात देताना म्हणाला, "जा वं माय. लवकर जा."

गाडीत मी आणि त्या मागे बसलो, वसंताच्या खाटेजवळ. देविदासलाही आम्ही मागेच घेतला. ऊन आता डोक्यावर चढत होतं. रशीदभाईने वर ताडपत्री बांधली होती, तरी गाडीचा पत्रा भाजत होता. बेबीनंदाताईंनी पेल्यात दारू ओतली, पाणी घातलं आणि वसंताचं डोकं मांडीवर घेतलं.

"ताई, त्याला नाही देता येणार," मी म्हणाले.

"काऊन?"

"तो शुद्धीवर नाही. श्वासनळीत जाईल. डॉक्टरांनी बजावून सांगितलंय."

"त्याच्यासाठी तं आणली!"

"माहीत आहे."

त्यांनी वसंताच्या गालावर थापट्या मारल्या. "वसंता. ए वसंता. ऊठ रे. एक घोट घे, कोणी काही म्हनत नाही तुले. म्याच देऊन रायली." त्याचे दात घट्ट बसलेले. त्या बोटांनी ते उघडू बघत होत्या आणि मी त्यांचं मनगट धरून ठेवलं होतं. गाडी खड्ड्यांतून उसळत होती. पेल्यातली अर्धी दारू त्यांच्या लुगड्यावर सांडली. शेवटी त्यांनी पेला देविदासच्या ओठांना लावला.

"बेबी, तू पाजून रायली?" देविदास म्हणाला.

"गप राहा. गिळा."

तो गिळत होता. वाटेत फोन लागला तेव्हा लांजेवार डॉक्टर सांगत गेले, तसं आम्ही थोडं थोडं देत गेलो. पासष्ट किलोमीटर. वसंताचा श्वास आधी जोरात, मग तुटक, मग मोजता येईल असा.

दुपारी अडीचच्या सुमाराला जिल्ह्याच्या दवाखान्यात वसंता गेला. सव्वीस वर्षांचा होता. देविदासला तिथल्या डॉक्टरांनी यंत्रावर घेतलं, रक्त धुतलं, आणि तो वाचला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्याला भेटायला गेले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सकाळीच सांगून टाकलं होतं की, नजर आता यायची नाही. वॉर्डातला पंखा कुरकुरत होता. देविदास उशीला टेकून बसला होता, दाढी वाढलेली, चेहरा किंचित वर उचललेला. बेबीनंदाताई स्टुलावर बसून मोसंबी सोलत होत्या. भावाला आग देऊन त्या दुसऱ्याच दिवशी परत आल्या होत्या. मी आल्याचं त्यांनी पाहिलं आणि पुन्हा मोसंबीकडे लक्ष दिलं.

"कोण, मॅडम? बरं झालं आल्या," देविदास म्हणाला. "मले एक विचारायचं होतं. मी चुकलो कुठी?"

"आता त्याचा विचार नका करू."

"नाही, सांगा ना. मी तं सगळं बराबर केलं. शनवारी तुम्ही गावाले गेल्या, तवा तुमच्याच काचेच्या सेटवर लावलं. पारा पासष्टच्या वर जाऊ देला नाही. पहिला घोटभर फेकून देला. मंग पुन्हा एकदा काढलं. दोनदा! काचेसारखं आलं. तरी घाण कशी काय राह्यली?"

तो मला शंका विचारत होता. रोज विचारायचा तशीच.

कारण हे सगळं त्याला मीच शिकवलं होतं. दुपारच्या मोकळ्या तासाला तो प्रयोगशाळेत येऊन बसे आणि मला शिकवायला आवडे. कुठला द्रव किती अंशावर उकळतो, वाफ कशी धरायची, थर्मामीटर कसा वाचायचा. "घाण खाली राहते, शुद्ध ते वर येतं," हे माझं वाक्य. फेब्रुवारीतली एक दुपार मला शब्दन् शब्द आठवते. मी ब्युरेटच्या काचेच्या नळीतून पडणारे थेंब मोजत होते आणि तो मागे उभा होता.

"मॅडम, या ड्रमावर कवटी कायची हाय?"

"अशुद्ध असतं ना ते," मी म्हणाले. परत मिळवलेल्या मेथनॉलचा तो ड्रम होता, साबण आणि पाणी मिसळलेला. माझं लक्ष थेंबावर होतं.

"मंग पुन्हा काढलं का शुद्ध होते?"

"हो. एकदम शुद्ध."

एवढंच. तेरावा थेंब पडला, रंग बदलला आणि मी आकडा लिहून घेतला. तो आणखी काही विचारेल असं वाटून मी थांबले नाही.

वॉर्डात मी त्याच्या पलंगाचा दांडा धरला. "देविदासभाऊ, तुम्ही काही चुकला नाहीत," मी म्हणाले. "त्यात घाण नव्हतीच. ते स्वतःच विष आहे. दहादा काढलं असतं तरी विषच आलं असतं. जास्त शुद्ध."

त्याचा चेहरा माझ्या आवाजाकडे वळला.

"पण मंग तुम्ही तवा..." त्याने सुरुवात केली आणि तिथंच थांबला. ओठ मिटून घेतले. मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, तो ती दुपार पुन्हा आठवत होता, एकेक वाक्य चाचपत. मोसंबी सोलणारे हातही थांबले होते.

तेवढ्यात सरकारी तपासनीस आले. बरोबर कागदांची फाईल. बोलायला सभ्य होते, घाईत होते.

"येरणे, एकच महत्त्वाचा प्रश्न आहे. नीट विचार करून सांगा," ते म्हणाले. "हा पदार्थ विषारी आहे, पिऊ नये, अशी समज तुम्हाला कारखान्यात कोणी दिली होती का? दिली नसेल तर कारखान्यावर जबाबदारी येते, भरपाई मिळू शकते. दिली असेल आणि तरी तुम्ही घेतलं असेल, तर मग ते तुमच्या स्वतःच्या जबाबदारीवर."

बेबीनंदाताई नवऱ्याकडे बघत होत्या.

"देली होती," देविदास म्हणाला.

"कोणी?"

"मॅडमनं. दोनदा सांगतलं. हात बी लावू नका म्हने. म्याच ऐकलं नाही."

तपासनीसांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हीच का त्या केमिस्ट? हे बरोबर आहे?"

त्या क्षणी मी काय विचार केला ते मला सांगता येणार नाही, कारण काहीच केला नाही. पंखा कुरकुरत होता. माझी पहिली नोकरी होती ती. घरी मी एकटी कमावणारी होते, असंही नव्हतं. कुठलीच सबब नव्हती.

"हो," मी म्हणाले.

त्यांनी लिहून घेतलं. वाचून दाखवलं. देविदासला सही येत होती, वळणदार सही करायचा तो. पण आता ओळ कुठे आहे ते त्याला दिसत नव्हतं. तेव्हा शाईची डबी पुढे आली. बेबीनंदाताईंनी त्याचा अंगठा धरला, शाईत दाबला आणि कागदावर, जिथे तपासनीसांनी बोट ठेवलं होतं तिथे टेकवला. त्यांचा हात जराही हलला नाही. मग त्यांनी पदराने त्याचा अंगठा पुसला, अगदी नखाच्या कडेपर्यंत.

मी निघाले तेव्हा त्या माझ्यामागे व्हरांड्यात आल्या.

"ताई," मी म्हणाले, "मी जाऊन सांगते तपासनीसांना. ते अजून जिन्यातच असतील. मी खरं ते सांगते."

"आता कायले?" त्या म्हणाल्या. "त्यायनं आपल्या मास्तरणीचं नाव राखलं. तेवढंच केलं त्यायनं मनासारखं. तेबी मोडू नका."

"मला तुमच्यासाठी काही करता येईल का? मी येत जाईन. दर आठवड्याला..."

"नाही."

त्यांनी आत वळून पाहिलं. देविदास पलंगावर तसाच बसला होता, आमचा आवाज ऐकायला मान एका बाजूला करून.

"त्यायले आता काही दिसत नाही, मॅडम," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण मले दिसते. पुन्हा येऊ नका."

अठरा वर्षं झाली. मी गेले नाही.